मुंबई ते कराची : किती दूर, किती वेळ?

माझी आजी कराचीची. जन्म १९२६ चा. तिचे वडील तिथल्या बंदरात कारकून होते. १९४७ च्या शरदात हे कुटुंब केमाडीच्या धक्क्यावरून बोटीत चढले आणि दोन रात्री डेकवर काढून मुंबईच्या धक्क्यावर उतरले. त्यानंतर आजी कधी कराचीला गेली नाही. पण नातवंडांपैकी कोणी भूगोलाचे पुस्तक उघडले की तिचा प्रश्न ठरलेला असे : “अरे, कराची इथून किती लांब रे?”

२००४ च्या जानेवारीत भारत–पाकिस्तान विमानसेवा दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा हिशेब करून उत्तर दिले. “आजी, पावणेनऊशे किलोमीटर. विमानाने दीड तास.” ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “इतकंच? मग एकदा जाऊन येऊ या की.”

आमचे जाणे झाले नाही. त्याची कारणे पुढे येतीलच. पण त्या दीड तासाचा मी तेव्हापासून पाठपुरावा करतो आहे. मी विमानशास्त्राचा किंवा इतिहासाचा पदवीधर नाही. टपाल खात्यात नोकरी केली, पत्रांची वर्गवारी करता करता जुन्या टपालमार्गांचा नाद लागला आणि त्यातून विमानमार्गांचा. या लेखात मांडायचे आहे ते एवढेच : दोन शहरांमधले अंतर पृथ्वी ठरवते, त्यांच्यामधला वेळ मात्र यंत्र, वारा आणि परवानगी हे तिघे मिळून ठरवतात, आणि मुंबई–कराचीच्या बाबतीत यातला तिसरा घटक पहिल्या दोघांना पुरून उरला आहे.

अंतर कसे मोजतात?

नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरांमधले अंतर मोजता येते, पण ते नेमके नसते. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. गोलावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे त्या बिंदूंतून जाणाऱ्या आणि पृथ्वीचे बरोबर दोन भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा. या वर्तुळाला बृहद्वृत्त म्हणतात. संत्र्यावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो आपोआप याच रेषेवर बसतो.

हिशेबाला लागतात दोन ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. कराचीचा २४.९१ अंश उत्तर, ६७.१६ अंश पूर्व. म्हणजे कराची आपल्यापेक्षा पावणेसहा अंशांहून थोडी जास्त उत्तरेला आणि जवळजवळ तितकीच पश्चिमेला. बाकी काम त्रिकोणमितीचे.

समुद्रावरचे खलाशी यासाठी जे सूत्र वापरत, त्याला इंग्रजीत ‘हॅव्हर्साइन’ म्हणतात. जेम्स इन्मन या इंग्रज नौकानयन-शिक्षकाने १८३५ मध्ये हा शब्द रूढ केला. त्याचा अर्थ ‘व्हर्साइन’चा निम्मा भाग. आणि व्हर्साइन म्हणजे आपल्या ज्योतिषग्रंथांतली उत्क्रमज्या. ‘साइन’ हा शब्दसुद्धा आपल्या ‘ज्या’ किंवा ‘जीवा’चाच अरबी आणि लॅटिनमधून फिरून आलेला अवतार आहे. शब्दांनाही सरळ रस्ता क्वचितच मिळतो.

या सूत्रात वरचे आकडे घातले की उत्तर येते सुमारे ८७५ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत सुमारे ४७२ सागरी मैल. तुलनेसाठी याच पद्धतीने काढलेली आणखी काही हवाई अंतरे : मुंबई ते नागपूर साधारण ६८५, बंगळूर ८३५, दिल्ली ११४०. म्हणजे मुंबईकराला कराची बंगळूरपेक्षा किंचित लांब आणि दिल्लीपेक्षा बरीच जवळ.

ही रेषा कुठून जाते तेही पाहण्यासारखे आहे. कराचीहून निघून ती सिंधूच्या मुखाकडचा खाजणांचा प्रदेश ओलांडते, कच्छच्या पश्चिम टोकावरून आखात पार करते, जामनगरच्या पश्चिमेकडून सौराष्ट्रात शिरते, उना–राजुल्याच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरते आणि तिथून थेट मुंबई.

मग वेळ किती?

आजचे मध्यम आकाराचे जेट विमान उंचीवर पोचल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. ८७५ भागिले ८०० म्हणजे एक तास आणि सहाएक मिनिटे. पण विमान सगळा वेळ या वेगाने जात नाही. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जमिनीवर सरकत जावे लागते, आणि उतरण्याआधी रांगेत थांबावे लागते. शिवाय विमाने बरोबर बृहद्वृत्तावरून जात नाहीत. ठरवून दिलेल्या हवाई मार्गांवरून, एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जातात, त्यामुळे अंतर थोडे वाढते. या सगळ्यासाठी वीस-पंचवीस मिनिटे धरली की एकूण दीड तास. वेळापत्रक आखणारे यात आणखी दहाएक मिनिटांची सवड ठेवतात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी विमान वेळेवर पोचल्याची नोंद होते.

वाऱ्याचा परिणामही असतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला जास्त वेळ लागतो. पण एवढ्या थोड्या अंतरात हा फरक काही मिनिटांचाच.

वेळापत्रक वाचणाऱ्याचा गोंधळ होतो तो घड्याळांमुळे. १९५१ पासून कराचीचे घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. त्यामुळे दीड तासाचा प्रवास कागदावर जाताना एका तासाचा आणि येताना दोन तासांचा दिसतो. स्थानिक वेळांची वजाबाकी करून प्रवासाचा वेळ काढणारे इथे हमखास फसतात.

हे झाले यंत्राचे आणि वाऱ्याचे उत्तर. आता इतिहासाचे.

१९३२ : सव्वासात तास

आज कराची परदेश आहे, म्हणून आपण विसरतो की ती एकेकाळी मुंबई इलाख्यातच होती. सिंध इंग्रजांनी १८४३ मध्ये जिंकला, १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला, आणि तो थेट १ एप्रिल १९३६ ला वेगळा प्रांत झाला. जवळजवळ नव्वद वर्षे कराचीचे कागद मुंबईला येत, बदल्या मुंबईहून होत, तिथल्या महाविद्यालयांच्या परीक्षा मुंबई विद्यापीठ घेई. सिंधमधली पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये कराचीत सुरू झाली, तिला पुढे नाव मिळाले ते शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांचे. ‘एन. जे. व्ही.’ म्हणून ती शाळा आजही त्याच नावाने ओळखली जाते. माझ्या पणजोबांसारखे कारकून तिथे गेले ते याच वाटेने.

विमानांच्या जगात मात्र वडीलकी कराचीकडे होती. युरोपातून इराणच्या आखाताच्या काठाकाठाने येणाऱ्या विमानाला हिंदुस्थानात पहिले मोठे शहर लागे ते कराची. १९२९ च्या मार्चअखेर इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची टपालसेवा सुरू केली. त्याआधीच इंग्रजांनी तिथे अवाढव्य हवाई जहाजासाठी एक प्रचंड हँगर उभारला होता. त्यात यायचे होते ‘आर १०१’ हे जहाज. ते १९३० च्या ऑक्टोबरमध्ये कराचीला यायला निघाले आणि फ्रान्समध्येच कोसळून जळाले. हँगर पुढे कित्येक वर्षे रिकामा उभा होता.

लंडनहून विमानाने कराचीपर्यंत आलेले टपाल मुंबईला मात्र आगगाडीने येई. विमानाने वाचवलेला वेळ शेवटच्या टप्प्यात रुळांवर खर्च होई. नेमकी ही फट भरून काढण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या माजी वैमानिकाने टाटांपुढे मांडली. १९३२ च्या १५ ऑक्टोबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रीघ रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून निघाले. बरोबर पंचवीसएक किलो टपाल. वाटेत अहमदाबादला उतरून इंधन भरले. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेल्याची हकीगत प्रसिद्ध आहे. दुपारी दोन वाजण्याच्या आत विमान जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे गेले. पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची ही सुरुवात.

यात लागलेला वेळ सव्वासात तास. हिशेब जुळतो का ते मी पाहिले. कराची–अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद–मुंबई सुमारे ४४५, मिळून १०३५. पुस मॉथचा वेग ताशी १६० ते १७०. म्हणजे हवेत सहा-सव्वासहा तास आणि उरलेला वेळ अहमदाबादेत. आकडा चोख बसतो.

जुहूचे ते मैदान भरतीच्या पाण्यालगतची सपाट माती होती. पावसाळ्यात ते वापरता येत नसे, म्हणून पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवावा लागे. विमानात रेडिओ नव्हता. खालची नदी, रूळ, किनारा पाहत वैमानिक वाट काढत. तरीही निघण्यासाठी कोणत्याही देशाची परवानगी लागत नव्हती. दोन्ही टोके एकाच इलाख्यातली.

आकाशालाही वेस असते

समुद्र काही अंतरानंतर सर्वांचा होतो. जमिनीवरचे आकाश मात्र कधीच सर्वांचे नसते. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण आणि अनन्य प्रभुत्व आहे. दुसऱ्या देशाच्या नियमित विमानसेवेने वरून नुसते जायचे म्हटले तरी मुभा लागते. ती मुभा देणारा एक जोडकरार त्याच वेळी झाला; पण संबंध बिघडले की देश ती मागे घेतात.

फाळणीनंतर मुंबई–कराची विमाने आणि बोटी दोन्ही चालू राहिल्या. १९६५ च्या युद्धाने हा धागा पहिल्यांदा तुटला. पुढच्या वर्षी ताश्कंद करारानंतर एकमेकांच्या हद्दीवरून उडण्याची मुभा परत आली. ३० जानेवारी १९७१ ला इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे छोटे फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना पळवून लाहोरला नेले गेले आणि तिथे जाळले गेले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले.

या बंदीचा फटका किती मोठा होता, हे अंतर काढले की कळते. कराची ते ढाका बृहद्वृत्ताने सुमारे २३५० किलोमीटर. सगळी रेषा भारतावरून. ती बंद झाल्यावर पाकिस्तानी विमाने भारताला वळसा घालून कोलंबोमार्गे ढाक्याला जाऊ लागली. कराची–कोलंबो–ढाका या दोन सरळ रेषांची बेरीजच ४५०० किलोमीटरच्या वर जाते, आणि प्रत्यक्षात समुद्रावरून फिरून जायचे म्हणजे त्याहून जास्त. एकाच देशाचे दोन भाग एका आदेशाने दुप्पट दूर गेले. पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेकडे तक्रार केली. संघटनेला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, असे म्हणत भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यायालयाने संघटनेला तो अधिकार आहे असा निकाल दिला. पण तोवर ढाका दुसऱ्या देशाची राजधानी झाली होती.

भारत–पाकिस्तान विमानसेवा परत आली ती १९७६ मध्ये. मधल्या काळाची एक चांगली आठवण १९८२ ची आहे. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली म्हणून १५ ऑक्टोबरला ७८ वर्षांचे जे. आर. डी. ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून एकटेच कराचीहून मुंबईला आले. त्या वेळी दोन्ही देशांनी ते होऊ दिले.

संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून आकाश पुन्हा बंद झाले, ते बरोबर दोन वर्षांनी उघडले. आजीचा आणि माझा संवाद तेव्हाचा. मी व्हिसाच्या चौकशीला लागलो, तेव्हा समजले की हा व्हिसा देशाचा नसून ठरावीक शहरांचा मिळतो, आणि तिकडचे कोणी बोलावणारे असेल तर काम सोपे होते. आजीचे तिकडे कोणी उरले नव्हते. दोनदा अर्ज केला, दोनदा कागद अपुरे ठरले. २०११ मध्ये ती गेली.

पुढे प्रवासी कमी म्हणून पाकिस्तानी कंपनीने २०१७ मध्ये मुंबई–कराची सेवा थांबवली. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने फेब्रुवारीअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत आकाश बंद ठेवले. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमाने गुजरातवरून, समुद्रावरून फिरून जाऊ लागली. त्यात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कराचीला जोधपूरशी जोडणारी थर एक्स्प्रेसही थांबली. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केले. महिनाभराची ही बंदी महिन्यामहिन्याने पुढे ढकलली जात आली आहे.

आजचे उत्तर

तर आज मुंबईहून कराचीला विमानाने जायचे असेल तर? आधी दुबई किंवा आखातातले दुसरे एखादे शहर गाठायचे. मुंबई–दुबई सुमारे १९३० किलोमीटर, दुबई–कराची सुमारे ११९०. एकूण ३१२०, सरळ अंतराच्या साडेतीन पट. हवेतले तास पाच, सव्वापाच. मधला थांबा कितीही कमी धरला तरी दोन तासांचा. बेरीज सात-सव्वासात तास.

हा आकडा मी पुन्हा पुन्हा तपासला. ताशी १६५ किलोमीटरने जाणारे, रेडिओ नसलेले, बैलगाडीतून आलेल्या पेट्रोलवर चालणारे विमान १९३२ मध्ये जेवढ्या वेळात कराचीहून मुंबईला आले, त्याहून कमी वेळात आज जेट विमानाने येता येत नाही. वेग पाच पट झाला. तो सगळा वळशात गेला.

ज्यांना दुबईचे तिकीट परवडते त्यांची ही गोष्ट. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू–तलासरीकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. कच्छ–सौराष्ट्राच्या समुद्रात, न दिसणारी सीमा ओलांडली म्हणून पकडले जातात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतात. तिकडचे मच्छीमार असेच गुजरातच्या तुरुंगांत असतात. मलीर तुरुंग कराचीच्या विमानतळापासून फार लांब नाही. डहाणूपासून तो सरळ रेषेत आठशे किलोमीटरही भरत नाही. सुटका झालेल्या खलाशाला मात्र कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघा, अटारीला हद्द ओलांडून पंजाब आणि मग आगगाडीने गुजरात–पालघर असे यावे लागत आले आहे. रेल्वेची अंतरे मिळवली तर हा वळसाही तीन हजार किलोमीटरच्या घरात जातो. मृतदेहालाही हीच वाट. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या एका मच्छीमाराचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. देह गावी पोचेपर्यंत महिना उलटून गेला होता. ८०० किलोमीटरला एक महिना, हा वेग कोणत्याही यंत्राचा नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. आकाश जेव्हा एकमेकांच्या विमानांना बंद असते, तेव्हाही इतर देशांची विमाने मुंबईच्या नियंत्रणाखालच्या आकाशातून कराचीच्या आकाशात रोज जातात आणि येतात. नियमच असा आहे की विमान हद्दीवर पोचण्याआधी इकडच्या नियंत्रकाने तिकडच्याला ते किती वाजता, किती उंचीवर, कोणत्या बिंदूवर येणार हे कळवायचे, आणि तिकडच्याने ते स्वीकारायचे. म्हणजे मुंबई आणि कराची रात्रंदिवस एकमेकांशी बोलतच असतात. मुद्दा तिसऱ्याच कोणाच्या तरी विमानाचा असतो, एवढेच.

माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात २००४ साली मी लिहिले होते : ‘मुंबई–कराची, ८७५ कि.मी., दीड तास.’ अंतर खोडावे लागलेले नाही, लागणारही नाही. वेळेच्या रकान्यात मात्र आता बऱ्याच नोंदी आहेत : दोन रात्री, सव्वासात तास, दीड तास, पुन्हा सव्वासात तास, एक महिना. अलीकडे मी प्रत्येक नोंदीपुढे साल लिहितो. आजीने विचारले तेव्हाही तेच करायला हवे होते.